एका आडनावाच्या दोन आळ्या

“ती तुझी बहीन लागती, बहीन! कळतंय का मुडद्या तुला?”

भैरवनाथाच्या सभामंडपात तात्या ओरडत होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, वरच्या आळीचे पुढारी. त्यांच्या आवाजानं नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव पडायचे असं म्हटलं तर लोक म्हणतील हा वाढवून सांगतो. पण आमच्या ओढ्यातले बगळे उठून थेट पिंपळगावच्या धरणावर जायचे, एवढं तरी मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी अख्खं गाव मंडपात मांडी घालून बसलं होतं आणि तात्यांचं बोट माझ्या छातीवर रोखलेलं होतं. कारण एवढंच, की खालच्या आळीतल्या एका मुलीशी मी लग्न करणार असं जाहीर केलं होतं, आणि तिचं आडनाव नि माझं आडनाव एकच होतं.

परक्या माणसाला वाटेल, म्हाताऱ्याचं काय चुकलं? एक गाव, एक आडनाव, म्हणजे भावकी. भावकीतली पोरगी बहीण. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात हे शेंबड्या पोरालासुद्धा सांगावं लागत नाही. पण तात्यांनी उभा जन्म नेमकं ह्याच्या उलट सांगण्यात घालवला होता. खालची आळी आपली नाहीच, हा त्यांचा धर्म होता. देवापुढं हात जोडायचे तेव्हासुद्धा आधी ओढ्यापलीकडं बघून थुंकायचे, मग डोळे मिटायचे.

तात्यांची कथा अशी. फार मागं, कुठल्याशा दुष्काळात, मढच्या बाजूनं एक माणूस घाटमाथा सोडून पोटासाठी खाली आला. आमच्या मूळपुरुषानं त्याला गडी म्हणून ठेवला. मालकाच्या नावानंच त्याला हाक मारायची सवय लागली, आणि त्या गड्याची अवलाद आमचं आडनाव लावून ओढ्यापलीकडं पसरली. खालच्या आळीची कथाही तयार होतीच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मढहून आलेला तो गडी नव्हता, थोरला भाऊ होता. भात आणायला तिकडं गेला, परत येईतो धाकट्यानं घर, गोठा, देव सगळं बळकावलं; आणि ह्या चोर धाकट्याची अवलाद म्हणजे आम्ही. दोन्ही कथा दर यात्रेला थोड्या थोड्या वाढत. माझ्या लहानपणी तो माणूस मढहून पायी आला होता. मी कॉलेजात जाईपर्यंत खालच्या आळीनं त्याला घोड्यावर बसवलं, आणि आमच्या आळीनं त्याला खरूज लावली.

हे भांडण नुसतं तोंडाचं असतं तर करमणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यात मान अडकला होता. यात्रेला आमच्या घाटात बैलगाडे पळतात. घाट म्हणजे गाडे पळवायचा तो चढाचा लांब रस्ता. पालखी देवळात गेली की पहिली बारी, म्हणजे पहिल्या गाड्याची धाव, मानाची. ती मूळ घराण्याची. मूळ घराणं म्हणजे आमची वरची आळी. खालच्या आळीचे बैल कितीही वाऱ्यासारखे पळोत, त्यांनी आमच्या बारीचा धुरळा खाल्ल्यावरच जुपायचं. आमचे बैल त्या वर्षांत इतके बेताचे होते, की मधेच थांबून घाटातल्या बायकांकडं बघत उभे राहायचे. तरी पहिले आम्हीच. खालच्या आळीला हे सहन होत नव्हतं, आणि त्यांना सहन होत नाही हे आम्हाला पुरणपोळीपेक्षा गोड लागायचं.

ह्या भांडणाचं सगळ्यात इरसाल हत्यार होतं सुतक. भावकीत कुणी गेलं की सगळ्यांना सुतक, आणि दहाव्याला नदीवर पुरुषांनी डोकी उतरवायची. आमची आळी खालच्यांचं सुतक धरत नसे. त्यांच्यात मयत झालं की आमच्याकडं मुद्दाम भजी तळायचे. पण ते मात्र आमचं सुतक हट्टानं धरायचे. दुःख वगैरे काही नाही; भावकी सिद्ध करायची म्हणून.

नव्वदच्या सुमाराला माझे आजोबा गेले. दहाव्याला मीना नदीच्या काठावर आमची माणसं न्हाव्यापुढं रांगेनं बसली होती. बघतो तर खालच्या आळीचे नाना रांगेत शिरून टोपी काढून बसलेले. हे नाना म्हणजे पुढं मला जी मुलगी करायची होती, तिचे वडील. न्हाव्यानं सवयीनं पाणी लावलं आणि वस्तारा फिरवायला घेतला. अर्धं डोकं झालं असेल-नसेल, तेवढ्यात तात्यांचं लक्ष गेलं.

“ऊठ तितनं! माझ्या बापाला तू कशाला टक्कल करतो?”

“चुलता व्हता माझा,” नाना मान न हलवता म्हणाले. “करनार.”

“तुझा चुलता मढला कुनाच्या तरी म्हशी राखीत मेला आसंल!”

“मंग तुझं बी मूळ तितंच हाये, तात्या. म्हशीला इचार.”

तात्यांनी वस्तारा हिसकावला. नदीकाठच्या घाटावर जी झोंबाझोंबी झाली तिच्यात पिंड कावळ्यानं शिवायचं राहिलं ते राहिलंच. कावळेसुद्धा झाडावरून भांडण बघत बसले होते. नानांनी मात्र उरलेलं डोकं उतरवलं नाही. पुढं महिनाभर ते अर्ध्या टकलानं गावात हिंडले, जुन्नरच्या बाजारात गेले, तालुका कचेरीत जाऊन आले. कुणी विचारलं की सांगायचे, “भावकीतलं मयत झालं. भावानंच वस्तारा वढला.” खालच्या आळीत ते अर्धं टक्कल मेडलसारखं मिरवलं गेलं.

तात्यांचं दुसरं वेड आमच्या डोळ्यांवरून होतं. वरच्या आळीत घारे डोळे पुष्कळ. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे जुन्या काळच्या ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांनी, दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत, हे आमच्याकडं शाळेत शिकवत. ते तात्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी ठरवून टाकलं, की आमचा मूळपुरुष जहाजातून उतरून नाणेघाट चढून आलेला कुणी यवन व्यापारी होता. आमचं आडनाव हे त्याच्याच देशातलं, इथल्या उन्हानं थोडं रापलेलं. “रोमचं रगात हाये हे,” असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवायचे. खालच्या आळीतही घारे डोळे आहेत असं कुणी काढलं, की त्यांचं उत्तर तयार असायचं: “त्यांच्यात मांजराचं दूध पित्यात.”

आणि दोन हजार सालानंतर, नारायणगावात पोरांच्या कमरेला नुकते मोबाईल लटकायला लागले होते तेव्हा, खरोखरच एक इटालियन माणूस आमच्यात येऊन पडला.

नारायणगावबाहेर टोमॅटोचा रस आटवायचा एक कारखाना निघाला होता. यंत्र इटलीहून आलं आणि ते बसवायला यंत्राबरोबर हा माणूस आला. मी तिथं स्टोअरमध्ये नोकरीला होतो. बीए झालेला एकटाच, म्हणून त्याच्याबरोबर हिंडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही सारखीच आजारी, त्यामुळं एकमेकांची लाज नव्हती. तात्यांना कळलं तसं त्यांनी त्याला जेवायलाच बोलावलं. मासवडीचा झणझणीत रस्सा वाढला. त्या बिचाऱ्याच्या नाकातोंडातून धूर निघत होता आणि तात्या त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

“पावणं, तुमी आमचंच! लई वर्सांनी घरी आला, राव! ह्याला इचार रं, आडनाव काय तुमचं? कुठलं घरानं?”

मी विचारलं. त्यानं सांगितलं ते ऐकून मी हातातला घास खाली ठेवला. त्याच्या शहरात, म्हणे, पूर्वी मठाच्या भिंतीत एक लाकडी चाक असायचं. पोरगं नको झालेली बाई रस्त्याकडनं ते चाकात ठेवायची आणि चाक फिरवायची. आतल्या जोगिणी ते पोर उचलून घ्यायच्या. बापाचं नाव नाही, आईचं नाही, म्हणून असल्या पोरांना सरसकट एकच आडनाव लावायचे. अर्थ काय, तर उघड्यावर ठेवलेला. आता त्या शहरात गल्लोगल्ली तेच आडनाव. ह्याच्या घरातले मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगायचे, की आपण कुणा सरदाराचे वंशज.

“काय म्हनतो?” तात्यांनी विचारलं.

“मोठ्या सरदाराचं घराणं आहे म्हणतो,” मी म्हणालो.

“बघ! म्या म्हनलं न्हवतं? तोंडावरच दिसतंय.”

पुढचं त्यानं मला परतताना जीपमध्ये सांगितलं. त्याच्या देशात आता नवीन सोय निघाली होती. गालाच्या आतली थुंकी कापसाच्या बोळ्यावर घ्यायची आणि प्रयोगशाळेत धाडायची. ते लोक रक्ताचं मूळ सांगतात. ह्यानं धाडली. बापाची बाजू निघाली समुद्रापलीकडची, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडची. आईची उत्तरेकडच्या डोंगरातली. सरदाराचा कुठं मागमूस नाही. त्याच्या शेजारी त्याच आडनावाचा एक माणूस होता, ऑलिव्हच्या बागेच्या बांधावरून दोन घरांचं जुनं वैर. त्यानंही थुंकी धाडली. दोघांत एका थेंबाचं नातं निघालं नाही. उलट समोरच्या वेगळ्या आडनावाच्या खाटकानं धाडली, तर त्याचा आणि ह्याचा खापरपणजा एक निघाला.

“मग तुझे वडील काय म्हणाले?” मी विचारलं.

“माझ्याशी बोलायचे बंद झाले,” तो म्हणाला. “आणि मटण दुसऱ्या दुकानातून आणायला लागले.”

ही हकीकत मी दुसऱ्या दिवशी नारायणगाव-जुन्नरच्या वडाप जीपमध्ये तिला सांगितली. तिला म्हणजे नानांच्या मुलीला. ती नारायणगावच्या एका एसटीडी बूथवर बसायची, मी कारखान्यात, जीप एकच. त्या जीपमध्ये माणसं अशी कोंबायचे, की अर्धे प्रवासी टपावर, पाव दारात लोंबकळत आणि ड्रायव्हर स्वतः स्टिअरिंगला बाहेरून धरून. असल्या गर्दीत दोन वर्षं शेजारी बसल्यावर पुढचं सांगायला लागू नये. माझ्यासाठी तात्यांनी पार घोडेगाव-मंचरपर्यंत स्थळं पाहिली होती, मी सगळ्यांना नाकं मुरडली होती. तिलाही आंबेगावकडचा एक ट्रॅक्टरवाला दाखवला होता. तिनं त्याला चहाऐवजी नुसतं पाणी दिलं.

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “इटलीचं राहू दे. तुझा तात्या आमाला काय म्हनतो?”

“परके म्हणतो.”

“गडी म्हनतो, गडी. लाजू नको. आमच्या रक्ताचा तुमच्याशी संबंध न्हाई म्हनतो ना? मंग अडलंय कुठं? लगीन परक्यातच करत्यात.”

पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्यांच्या अंगावर फेकलेला दगड तिनं उचलून पायरीला लावला होता.

“तात्या ऐकील का?”

“त्यालाच इचार. पर घरात न्हाई. भर मंडपात, गावापुढं. तितं त्याला त्याचं बोलनं गिळता यायचं न्हाई.”

“आणि तुझा बाप? त्याला म्हणावं लागेल, की आम्ही भावकी नाही. सगळा जन्म त्यासाठी भांडला तो.”

ती बाहेर टोमॅटोच्या शेतांकडं बघत बसली. तिचा उतरायचा थांबा आला तेव्हा एवढंच म्हणाली, “त्याचं मी बघते.”

तर असा मी मंडपात उभा होतो, मी मुद्दाम बरोबर आणलेला इटालियन पाहुणा शेजारी मांडी घालून बसला होता, त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि तात्या मला सांगत होते की ती माझी बहीण लागते.

मी हात जोडले. “तात्या, आपली-त्यांची भावकी कधीपासून झाली?”

“आं? जल्मापासनं! आडनाव एक, ग्रामदैवत एक, कुळ एक! भावकी न्हाई तर काय हाये?”

मग समोरच्या बाजूनं नाना सावकाश उठले. त्यांच्या तोंडावर मी तसलं समाधान पुन्हा कधी पाहिलं नाही, स्वतःच्या पोरीच्या लग्नातसुद्धा नाही.

“तात्या,” नाना म्हणाले, “जरा परत म्हना. मागच्या मानसांला आयकू गेलं न्हाई.”

“काय परत म्हना?”

“भावकी म्हनला ना? कुळ एक म्हनला ना? ऐका रं पोरांनो! म्हंजी यंदा पयल्या बारीला आर्धा मान आमचा. एक जू तुमचं, एक आमचं. पोलीस पाटील, ध्यानात ठिवा!”

खालची आळी उसळली. शिट्ट्या काय, टाळ्या काय, एकानं तर मंडपातच भंडारा उधळला. तात्यांच्या लक्षात आलं की पोराला अडवायला म्हणून दार लावलं, त्यात शेपूट स्वतःचंच अडकलं.

“तसं न्हाई म्हनलं मी!”

“मंग कसं?” पोलीस पाटलांनी विचारलं. ते आडनावानं तिसरेच, म्हणूनच मध्यस्थ. “तात्या, सरळ सांगा. मागच्या साली ह्यांच्यात म्हातारी गेली, तवा तुमी सुतक धरलं व्हतं का?”

“न्हाई.”

“भजी तळली व्हती,” खालच्या आळीतली एक बाई खांबाआडून ओरडली. “वास आमच्या चुलीपोतर आला व्हता! म्हातारी उठून बसती का काय वाटलं!”

“म्हंजी भावकी न्हाई,” पाटील म्हणाले. “मंग लगीन व्हतंय. आन भावकी आसंल, तर मान वाटायचा. दोन्ही हातात दोन लाडू न्हाई घेता यायचं, तात्या. एक बोला.”

“इटलीचा मानूस भावकीत चालतो,” नाना बोलले, “त्याला मासवडी वाढत्यात. आन वढ्यापल्याड ऱ्हानारा चालत न्हाई. लगीन आलं की मातर आमी भाऊ!”

इटलीचं नाव निघालं तसं सगळ्यांनी पाहुण्याकडं पाहिलं. हीच वेळ म्हणून मी त्याला उभा केला आणि म्हणालो, गड्या, तुझ्या आडनावाची हकीकत सांग. तो चार वाक्यं बोलला असेल. मी त्याचं अर्धा तास मराठी केलं. चाक सांगितलं, जोगिणी सांगितल्या, उघड्यावर ठेवलेलं पोर सांगितलं, शेजाऱ्याचा बांध सांगितला, खाटीक सांगितला. थोडं माझंही घातलं. त्या चाकाला मी चांदीची घुंगरं लावली. मंडपात बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. तात्या मात्र दगडासारखे बसले होते. त्यांनी ज्याच्या पाठीवर थापा मारल्या तो सरदार डोळ्यांदेखत मठाच्या पायरीवर येऊन पडला होता.

“म्हंजी ह्याला बाप न्हाई?” तात्यांनी विचारलं.

“बाप आहे. पणज्याच्या मागचं कुणी नाही.”

“आन ह्याला मी माझ्या ताटाला ताट लावून जेवाया बसवला!”

पाहुण्याला वाटलं कौतुक चाललंय. तो हसला, आणि खिशातून एक लांबट पाकीट काढून त्यानं मला काहीतरी सांगितलं. मी गावाला सांगितलं, की पाहुणे पुढच्या आठवड्यात मायदेशी निघालेत. त्यांच्याकडं कापसाचे बोळे आहेत. वरच्या आळीतल्या एकानं आणि खालच्या आळीतल्या एकानं गालात बोळा फिरवून द्यावा. ते आपल्या खर्चानं तपासून आणतील. रक्त एक आहे का वेगळं, गड्याचं आहे का थोरल्या भावाचं, का आणखी तिसऱ्याच कुणाचं, सगळं काचेसारखं स्वच्छ कळेल.

त्यानं बोळा तात्यांपुढं धरला.

आमचं गाव थुंकण्यात कधी मागं नव्हतं. देवळाच्या भिंती, एसटीच्या खिडक्या, ग्रामपंचायतीचा जिना. सगळीकडं आमच्या तोंडाची नक्षी. तात्या तर मंडपातून पिचकारी मारून बाहेरच्या लिंबाचं नेमकं पान पाडायचे. पण त्या बोळ्यापुढं अख्ख्या गावाचं तोंड कोरडं पडलं. तात्या मागं सरकले. बोळा नानांकडं वळला, तर नानाही मागं सरकले. दोन्ही आळ्यांतली तगडी माणसं ओठ आवळून बसली, जसा काही कुणी जबड्यात हात घालून दात उपटणार होता. वरची आळी घाबरली, की एकच रक्त निघालं तर मान गेला. खालची घाबरली, की वेगळं निघालं तर इतक्या वर्षांची टकलं फुकट गेली.

“हे आसलं तपासाया आमी काय गुरं हाये का?” तात्या म्हणाले.

“बरोबर बोलला तात्या,” नाना म्हणाले.

पिढ्यांत पहिल्यांदा दोन्ही आळ्यांचं एकमत झालं होतं. बाराच्या भावात गेला बोळा. पाहुण्यानं तो परत पाकिटात ठेवला आणि पाय लांब केले.

मग तात्या उठले. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी त्यांच्या मांडीवर वाढलेला, माझ्या बारशाला नावही त्यांनीच सुचवलेलं. पण त्या नजरेत मी नव्हतो, पहिल्या बारीला जुपलेले ते मरतुकडे बैल होते.

“पोरगं गेलं तर जाऊ दे,” ते म्हणाले. “मान सुटायचा न्हाई. खालची आळी आमची न्हाई. कवाच न्हवती.”

“झालं,” पाटील म्हणाले. “लगीन लागलं.”

“थांबा,” तात्या म्हणाले. “आमी बोलून काय व्हतंय? हे परत पुढच्या साली टक्कल करून दारात यीतील. त्यांच्या तोंडानं व्हायाला पायजे. नानांनी देवाचा भंडारा उचलावा आन म्हनावं. नुसतं येगळं हाये म्हनू नका. आमचा मूळपुरुष तुमचा गडी व्हता, आसं म्हनावं. मंग खुशाल पोरगी द्यावी.”

आमच्यात देवापुढचा भंडारा उचलून बोललेलं मागं घेता येत नाही. खालच्या आळीतून नुसता आरडाओरडा उठला. नानांचे सख्खे भाऊ त्यांच्या दंडाला धरून ओढायला लागले. “नाना, बसा खाली! पोरीला तिकडं ट्रॅक्टरवाल्याला द्या!” “आमच्या बापाला गडी म्हनायचं नाय, सांगून ठिवतो!” एकजण तर माझ्या अंगावर धावून आला. इटालियन माणूस मध्ये पडला म्हणून वाचलो. त्या माणसाला आमचा एक शब्द कळत नव्हता, पण मार कसा येतो ते ओळखत होता.

मी नानांकडं बघत होतो. माझं सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर टांगलेलं होतं आणि तो तोंड उघडत नव्हता. मुलगी बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिनं बापाकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. पायाच्या अंगठ्यानं ती फरशीच्या फटीतली माती कोरत होती.

नानांनी भावांचे हात दंडावरून सोडवले. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेले. ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि तात्यांकडं न बघता, देवाकडंही न बघता, समोरच्या खांबाला सांगितल्यासारखं म्हणाले:

“आमी तुमचं न्हाई. आमचा मूळपुरुष तुमचा गडी व्हता. मढचा.”

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. पण तो हात मधेच थांबला, असं मला वाटलं. का मीच ते नंतर लावून घेतलं, देव जाणे. खालची आळी उठून गेली. जाताना नानांचा एक भाऊ त्यांच्या पुढ्यात थुंकला. इतका वेळ कुणाच्या तोंडात नसलेली थुंकी तेव्हा बरोब्बर आली.

लग्न झालं. लग्न कसलं, दोन्हीकडून मयताला येतात तेवढीसुद्धा माणसं आली नाहीत. तात्या त्या दिवशी मुद्दाम बैलांना घाटात सरावाला घेऊन गेले. नानांचे भाऊ आले नाहीत, त्यांनी नानांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. माझ्या आईनं नव्या सुनेला ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता म्हणाली, “निदान आडनाव तरी बदलायचा तरास न्हाई.” बायको हसली नाही. यात्रेला पहिली बारी आमचीच झाली. बैल निम्म्या घाटात थांबले. खालच्या आळीतल्या कुणी शीळसुद्धा मारली नाही. ते घाटात आलेच नव्हते.

यात्रा झाल्यावर मी सासऱ्यांना भेटायला गेलो. आता ते माझे मामा लागत होते. ते एकटेच मळ्यात टोमॅटोची बांधणी करत होते, एकेक वेल उचलून सुतळीनं तारेला अडकवत. भावांपैकी कुणी हाताखाली नव्हतं. मी भाषण पाठ करूनच गेलो होतो. मी म्हणालो, मामा, तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या बापानं केलं नसतं. सगळ्या जन्माचं वैर, सगळा मान, घराण्याचं मूळ, सगळं तुम्ही माझ्यासाठी एका मुठीत सोडून दिलंत. तुमच्यासारखा माणूस ह्या दोन तालुक्यांत नाही. माझं मलाच रडू यायला लागलं होतं.

त्यांनी वेलाची गाठ मारली, सुतळी दातानं तोडली आणि पुढच्या वेलाकडं वळले.

“तुझ्यासाठी न्हाई,” ते म्हणाले. “पोरगी जेवत न्हवती.”